दोन नार्वे

गोव्यात मांडवीच्या पात्रात वसलेल्या दिवाडी बेटाच्या उत्तर टोकाला नार्वे आहे, आणि तिथल्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसून पलीकडे डिचोली तालुक्यात उतरले की तिथेही नार्वेच आहे. मधले पाणी इतके अरुंद की या काठावर घेतलेला चहा त्या काठाला लागेपर्यंत धड निवतही नाही. भूमापनाच्या नोकरीत माझी तीस-पस्तीस वर्षे गेली आणि त्या काळात एकाच नावाची ही दोन गावे म्हणजे मला केवळ डोकेदुखी वाटत असे. पोर्तुगीज कागदांत दोघांचे स्पेलिंग एकच असल्यामुळे इकडचा उतारा तिकडच्या फायलीत जाई आणि एखादा वृद्ध शेतकरी आपल्या चार गुंठ्यांच्या शोधात दोन्ही काठांवरच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राही. ही दोन गावे एकमेकांची कोण लागतात, हा प्रश्न मला नोकरीत असेपर्यंत एकदाही पडला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

तो प्रश्न यंदाच्या मे महिन्यात माझ्या पुतणीने विचारला. ती पुण्याला वास्तुशास्त्र शिकते आणि तिला सुट्टीत गोव्याची ‘हेरिटेज ट्रेल’ करायची होती. तिने आणलेल्या यादीत चर्च, किल्ले, लेणी आणि देवळे नीट क्रमाने मांडलेली होती आणि प्रत्येकापुढे पोहोचण्याची वेळही लिहिलेली होती. मी तिला म्हटले, की ही यादी ठेव, पण माझ्याबरोबर यायचे तर एक-एका वस्तूच्या मागे जाऊ, ती कुठून निघाली आणि कुठे पोहोचली ते पाहू. गोव्यातल्या जुन्या वस्तू फार क्वचित आपल्या जागी सापडतात. तिला हे बोलणे गूढ वाटले असावे. ती म्हणाली, “काका, देऊळ कुठे चालत जाते का?” आम्ही स्कूटर काढली ती त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरीबोट सकाळी मासळीवाल्या बायका, शाळेतले शिक्षक आणि दुचाक्या यांनी भरून येते. मे महिन्यात दिवाडीचे सखल खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, करड्या रंगाचे दिसते. भात कधीच कापून झालेले असते, जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि तिच्यावर मिठाची पांढरी साय धरलेली असते. पुतणीला हे पडीक रान वाटले. मी स्कूटर बांधावर थांबवली आणि तिला मानस दाखवली.

मानस म्हणजे खाजनाच्या बांधात बसवलेले पाण्याचे दार. नदीची भरती-ओहोटी जिथवर पोहोचते तिथवर खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी चिखल, चिरे, पेंढा यांचे बांध घातले आणि त्या बांधांत ठिकठिकाणी लाकडी झडपांची ही दारे बसवली. त्या झडपांना कुणी माणूस हलवत नाही. भरतीचे पाणी नदीच्या बाजूने चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप चौकटीला घट्ट बसते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की आतल्या बाजूला साठलेल्या पाण्याचा दाब वरचढ ठरतो आणि तीच झडप नदीच्या बाजूला उघडून पाणी सोडून देते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटीचा शेवट होता. झडपेच्या फटीतून पाण्याची एक पातळ जीभ बाहेर येत होती, फळ्यांच्या खालच्या अंगाला कालवांची खरखरीत पुटे चढली होती आणि दारापुढच्या खोलगट डोहात एक माणूस गळाभर पाण्यात जाळे सावरत उभा होता. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून पूर्वी बांधांची दुरुस्ती होत असे. हळूहळू ती फट बंद झाली. कुठेही आवाज झाला नाही. पुतणीने घड्याळ पाहिले, वहीत झडपेचे चित्र काढले आणि विचारले, की हे किती जुने असेल. लाकूड फार तर काही वर्षांचे असेल, कारण ते कुजते आणि बदलावे लागते. दाराची जागा मात्र शतकानुशतके तीच आहे. या बेटावर जागेला चिकटून राहिलेली मला माहीत असलेली हीच एक जुनी गोष्ट, आणि ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही.

तिथून नार्वे फार लांब नाही, परंतु आम्हाला वेळ लागला, कारण पुतणीच्या मोबाइलमधला नकाशा आम्हाला नदीपलीकडच्या नार्व्याला न्यायचा हट्ट धरून बसला होता. बेटाच्या कडेला आलो तरी तो पुढेच जायला सांगत होता. त्याच्या दृष्टीने मध्ये नदी असणे ही किरकोळ बाब होती. मला त्या यंत्राविषयी एकदम आपलेपणा वाटला. माझ्या कचेरीत नेमके हेच होत असे.

बेटावरच्या नार्व्यात आता पाहण्यासारखे म्हणाल तर एक तळी आहे. तिला कोटितीर्थ म्हणतात. चिऱ्यांच्या पायऱ्या उतरत जातात, भिंतीत रिकामे कोनाडे आहेत आणि मे महिन्यात तळाशी शेवाळलेले पाणी असते. याच परिसरात सप्तकोटीश्वराचे देऊळ होते. गोव्याचे कदंब राजे स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभलेले राजे म्हणवून घेत आणि ही बिरुदावली त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाच्या जोडीला कोरलेली सापडते. म्हणजे बाजारात ज्याच्या नावाने नाणे चालत होते, त्या देवाचे हे घर. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते पडले. परंपरा सांगते, की लिंग शेताच्या बांधात पुरून ठेवले गेले. पुढे विजयनगरच्या राजवटीत माधव मंत्र्याने देवालय पुन्हा उभे केले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि त्यानंतर लिंग एका विहिरीच्या काठावर लावले गेले, पाणी ओढणाऱ्यांचे पाय त्याच्यावर पडत, असे सांगतात. त्या विहिरीवरून रात्री ते उचलून होडीतून पलीकडे नेले, ही सगळी कथा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की तिचा भूगोल कधी तपासून पाहावा असे वाटलेच नाही. कोटितीर्थाच्या पायरीवर बसलो असता तो भूगोल अचानक डोळ्यांपुढे उलगडला. इथून धक्का चालत जाण्यासारखा आहे आणि धक्क्यावर उभे राहिले की पलीकडची माडांची रांग, घरांची कौले, काठावर लावलेल्या होड्या सगळे स्पष्ट दिसते. मोठ्याने हाक मारली तर वाऱ्याच्या दिवशी पलीकडे ऐकूही जाईल.

इतक्याच अंतरावर देव थांबला याचे कारण नदी ही केवळ नदी नव्हती. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, आणि नदीपलीकडची डिचोली आदिलशाहीत होती. देवळे पाडण्याचा हुकूम या काठापर्यंत चालत असे. त्या काठावर तो कागदाचा तुकडा होता. म्हणूनच सासष्टीतल्या आणि तिसवाडीतल्या देवांची नवी घरे शोधायची तर ती बहुधा पहिली खाडी ओलांडताच सापडतात. कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला आली. आज ज्या फोंडा तालुक्याला आपण देवळांचा तालुका म्हणतो तो तेव्हा सरहद्दीपलीकडचा आसरा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सर्व मुलूखही पोर्तुगीजांकडे गेले, परंतु तोवर त्यांचा धर्माविषयीचा जुना आवेश ओसरला होता आणि देवळांना हात लागला नाही. पुतणीच्या यादीत मंगेशी आणि शांतादुर्गा ‘गोव्याची पारंपरिक मंदिरे’ या मथळ्याखाली होती. त्यात चूक काही नव्हते. तरी त्या देवळांचा घुमट, दीपस्तंभ, चर्चच्या सज्जासारखे दिसणारे सज्जे हे सारे, घर सोडून आलेल्यांनी नव्या गावात, जे कारागीर मिळाले त्यांच्या हातून बांधून घेतलेले आहे, हे तिला त्या मथळ्यातून कळले नसते.

फेरीबोटीतून पलीकडे उतरलो. नदीपलीकडच्या नार्व्याचे सप्तकोटीश्वराचे देऊळ आकाराने लहानच आहे. उतरते कौलारू छप्पर, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, पुढे दीपस्तंभ आणि भोवती डोंगराची सावली असा त्याचा थाट. राज्य सरकारने त्याचे जतनाचे मोठे काम करून २०२३ साली ते पुन्हा खुले केले. गाभाऱ्यातले लिंग गुळगुळीत नाही. त्याला उभ्या धारा आहेत आणि म्हणून त्याला धारालिंग म्हणतात. दुपारच्या आरतीनंतर दार लागण्याची वेळ होत आली होती, त्यामुळे पुतणीला आत फार वेळ मिळाला नाही. बाहेर आल्यावर तिचे लक्ष दाराजवळच्या शिलालेखाकडे गेले. हा लेख बहुतेक मराठी वाचकांना ऐकून ठाऊक असतो. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी या दिवशी श्रीशिवराजाच्या आज्ञेने देवालयाचे काम सुरू झाले, असे त्यात आहे. इसवी सनाच्या हिशेबाने १६६८ चा नोव्हेंबर. शिवछत्रपतींचा गोव्याशी आलेला संबंध म्हटला की हा लेख सर्वांत आधी सांगितला जातो आणि तो सांगावा असाच आहे. परंतु त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यातल्या एका शब्दावर अडखळलो. लेख या देवालयाचा ‘प्रारंभ’ झाला असे म्हणतो. जीर्णोद्धार, पुनःस्थापना असला एकही शब्द तिथे नाही. कदंबांच्या नाण्यांवर नाव असलेला, दोनदा पाडला गेलेला, बांधात आणि विहिरीवर राहून आलेला देव, आणि त्याच्या दारावर लिहिलेले काय, तर प्रारंभ. लिहिणाऱ्याने रूढ शब्द वापरला असेल, हेही शक्य आहे. शिलालेखांतून असे अर्थ काढण्याची सवय वाईट, हे मला कळते. तरीही तो शब्द मनात राहिला.

“मग मूळ जागा कोणती म्हणायची?” पुतणीने विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण भूमापनात मूळ जागा या शब्दाला एक ठरलेला अर्थ असतो आणि तो इथे बसत नव्हता.

त्या रात्री घरी बसून आम्ही नावांची यादी केली. पुतणीच्या यादीत वास्तू होत्या. आमच्या नव्या यादीत गावे होती, आणि ती सारी जोडीने येत होती. तिसवाडीतल्या करमळीहून ब्रह्मदेवाची कदंबकालीन मूर्ती निघाली आणि सत्तरीत वाळपईच्या परिसरात जाऊन राहिली, म्हणून तिथल्या गावाला ब्रह्मकरमळी म्हणतात. तालुका बदलला, डोंगर बदलले, पण मूळ गावाचे नाव देवाच्या पदराला बांधलेले आले. वेर्ण्याला म्हाळसेची रिकामी जागा आजही ‘जुने मार्दोळ’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे तिथेही जुनी आणि नवी जागा एकाच नावाने जोडलेली आहे. दिवाडीचा महागणपती ठिकठिकाणी मुक्काम करीत शेवटी खांडोळ्याला पोचला. नार्व्याबाबत मात्र नाव जसेच्या तसे दोन्ही काठांवर राहिले. माणसे घर सोडताना भांडीकुंडी नेतात, देव नेतात, हे समजण्यासारखे आहे. ती गावाचे नावही उचलून नेतात, हे मला आयुष्यभर गावांची नावे लिहूनही लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ब्रह्मकरमळीला जाऊन आलो. मूर्ती अप्रतिम आहे, आणि भारतात ब्रह्मदेवाची देवळे मोजकीच असल्यामुळे तिथे पर्यटकांची गाडी हमखास उभी असते. याहून अधिक त्याविषयी लिहीत नाही, कारण त्या वाटेवर मला जास्त आवडले ते एका घराच्या अंगणात पसरलेले भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, वाळवण. लाल सोलांवर मधमाश्या घोंघावत होत्या आणि घरातल्या आजीने आम्हाला गडूभर पाणी देताना विचारले, “खंयच्यान आयल्यात?” पुतणीने पुण्याहून म्हटल्यावर त्या मराठीत आल्या आणि सहज म्हणाल्या, की आमचा देवही भाटांतून आलेला, तुमच्यासारखाच पाव्हणा. भाटे म्हणजे इथे खालचा किनारपट्टीचा प्रदेश. इतक्या शतकांनंतरही देव पाव्हणाच होता आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

कुर्डीला आम्ही महिन्याच्या शेवटी गेलो, कारण कुर्डी मे महिन्यातच दिसते. सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण बांधले गेले आणि १९८० च्या दशकात त्याच्या जलाशयात हे गाव बुडाले. दक्षिण गोव्याच्या नळांना आज येणारे बरेचसे पाणी त्या गावावर उभे असते. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन, तुमचे घर जाईल पण साऱ्या दक्षिण गोव्याची तहान भागेल, अशा अर्थाचे बोलून गेले होते, अशी आठवण तिथले जुने लोक सांगतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. त्यांच्या आडनावातही पुन्हा गावाचे नावच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरत जाते आणि मेमध्ये गाव वर येते: घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, पांढुरक्या पडलेल्या झाडांचे खुंट आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या, अजूनही वळण ओळखू येणाऱ्या वाटा. कोरड्या गाळाला पावलाखाली बारीक कुरकुर आवाज येतो. सोमेश्वराचे छोटे देऊळ तिथे आहे आणि कुर्डीकर दरवर्षी मेमध्ये तिथे जमून उत्सव करतात. ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या जागी जमून फेस्त साजरे करतात.

आम्ही गेलो तो उत्सवाचा दिवस नव्हता. मोजकी माणसे होती. एका चौथऱ्यावर साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते आणि नातवाला हाताने दाखवत होते, इथे माजघर, इथे चूल, इथे बाळंतिणीची खोली. नातू फार तर आठ वर्षांचा. तो त्या अदृश्य भिंतींना वळसा घालून चालत होता, मधून जात नव्हता. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना तो जिथे दार होते तिथूनच गेला. मी आयुष्यभर जमिनीवरच्या रेषा कागदावर आणल्या. जमिनीवर रेषा नसताना त्या इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. पुतणी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिने वही काढली नाही.

कुर्डीतून दोन गोष्टी बाहेर काढल्या गेल्या. महादेवाचे जुने देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड उतरवून धरणाच्या अलीकडे सुरक्षित जागी पुन्हा रचले. त्या कामाला अनेक वर्षे लागली आणि आज ते देऊळ हिरवळीत, व्यवस्थित कुंपणात उभे आहे. तिथे उभे राहून मला जरा परकेपणा वाटला हे खरे, पण त्याचा दोष त्या कामावर नाही. दगडांचा क्रम इतका नीट राखलेला आहे की भिंतीवर हात फिरवला तर जोड सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जांभ्या दगडात कोरलेली आदिमातेची आडवी प्रचंड मूर्ती. ती नेली वेर्ण्याला, आणि ठेवली म्हाळसेच्या जुन्या जागेच्या आवारात. मी हे बोलत असताना पुतणीने माझा हात धरून मला थांबवले. “म्हणजे एक देवी ज्या जागेवरून गेली, तिथे दुसरी गाव सोडून आली?” तिने एवढे सरळ म्हणेपर्यंत मी या दोन गोष्टी कधी एकत्र ठेवल्याच नव्हत्या. एकीला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे घर सोडावे लागले, दुसरीला विसाव्या शतकात धरणामुळे. कारणांची तुलना करू नये, ती सारखी नाहीत आणि धरणाचे पाणी मीही पितो. पण जागा तीच.

तिच्याच आग्रहावरून परतताना मी ती गोष्ट सांगितली जी मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

१९७० च्या दशकात, नोकरीला नुकताच लागलो असताना, सत्तरीतल्या एका गावाची मोजणी चालू होती. मी साखळी ओढणाऱ्या पथकात होतो आणि फिल्डबुक माझ्या हाती आले होते. दोन वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतांच्या मधल्या बांधावर एक दगड उभा होता, गुडघ्याहून थोडा उंच, अर्धा चिखलात रुतलेला, वरच्या भागावर शेवाळ. दोन्ही बाजूंचे शेतकरी म्हणाले, की हाच आमचा हद्दीचा दगड, आज्यापासून इथेच आहे. मी फिल्डबुकात ‘हद्दीचा दगड’ असे लिहिले, त्रिकोणाची खूण केली आणि पुढे गेलो. दुपारी भाकरी खाताना त्याच दगडाला टेकून बसलो होतो. पाठीला काहीतरी टोचत होते, एवढे मला आठवते.

वीस-बावीस वर्षांनी पणजीच्या संग्रहालयात एका वीरगळासमोर उभा असताना ते टोचणे एकदम पाठीला पुन्हा जाणवले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, आणि त्याची रचना ठरलेली असते: खाली लढाई, तिच्यात पडणारा वीर, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत, सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. संग्रहालयातल्या एका वीरगळावर तर जहाजावरची लढाई आहे. त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की मी ज्याला टेकून भाकरी खाल्ली, त्याच्या मधल्या पट्टीतला एखाद्या अप्सरेचा खांदा माझ्या पाठीला टोचत होता. सत्तरीत असे दगड अनेक आहेत, रानात, देवळांच्या आवारात, तळ्यांच्या काठांवर. राणे घराण्याच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या बंडांचा मुलूख हा, १८५२ साली दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो तिथलाच, पण वीरगळ त्याहूनही कितीतरी जुन्या लढायांचे आहेत आणि त्यांतल्या वीरांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. माझ्या दगडातला वीर कुणाच्या तरी हद्दीसाठीच लढून पडला असेल, तेव्हा मी लिहिलेले अगदीच खोटे नव्हते, असे स्वतःला समजावण्याचा प्रयत्नही मी केला. पण ही पळवाट होती. मी पाहिले नव्हते, एवढेच खरे.

“तिथे जाऊया,” पुतणी म्हणाली.

पत्ता मला तोंडपाठ होता. गावाचे नाव लिहीत नाही, कारण दोन्ही शेतांच्या मालकांत अलीकडे वाद आहे, असे तिथे पोचल्यावर कळले. सर्व्हे नंबर तेच होते, बांध तोच होता, फक्त आता त्याच्या एका बाजूला भात होत नाही, काजूची कलमे लावली आहेत. दगड नव्हता. बांधावर त्या जागी सिमेंटचा एक आखूड खुंट होता आणि त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. गुरे राखणाऱ्या एका मुलाने सांगितले, की तो दगड देवळात नेला, आमच्या बाबांनी आणि चौघांनी, ट्रॅक्टरवर घालून. का नेला, असे विचारल्यावर तो म्हणाला, की देव होता म्हणून.

देवळाच्या बाहेर, वडाच्या पाराला लागून, पत्र्याच्या छपराखाली तो उभा होता. त्याच्यासोबत आणखी दोन वीरगळ होते आणि एक गजलक्ष्मीची पाटी, जिला तिथे केळबाय म्हणतात. कुणीतरी भक्तिभावाने सगळ्यांना चंदेरी तैलरंग दिला होता. तो रंग पाहून पुतणीने कपाळावर हात मारला आणि तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पुढ्यात विझलेली उदबत्ती आणि कालच्या अबोलीची वेणी होती. मी वाकून मधल्या पट्टीवर हात ठेवला. रंगाच्या थराखाली खांदा सापडला, नेमका त्याच उंचीवर.

घरी आल्यावर मी जुन्या ओळखीने त्या भागाच्या नकाशाची प्रत मिळवली. दोन्ही सर्व्हे नंबरांच्या मधल्या रेषेवर माझ्या हातचा त्रिकोण अजून आहे, बारीक आणि स्वच्छ, आणि त्याच्या शेजारी माझ्या तेव्हाच्या जरा जास्तच वळणदार अक्षरांत ‘दगड’ असे लिहिलेले आहे. पुतणीने तिच्या वहीत त्या पानावर दोन बिंदू काढले, एक बांधावरचा आणि एक पारावरचा, आणि मला विचारले, की दोघांना नाव काय देऊ. मी म्हटले, एकच दे.